पानिपतचा शिरोहीन देह

पानिपतच्या रणांतून सदाशिवरावभाऊ निघून गेले कीं तेथेंच पडले, हा प्रश्न महाराष्ट्रांत अडीचशें वर्षांहून अधिक काळ चर्चिला जात आहे. नाटककारांनीं व कादंबरीकारांनीं तो घरोघर नेला, आणि ज्यांनीं इतिहासाचें एक पानही उलटलें नाहीं त्यांनाही तोतयाची गोष्ट ठाऊक आहे. संशोधकांच्या मतें या प्रश्नाचा निकाल कधींच लागला आहे. शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, म्हणजे १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस, भाऊ रणांत पडले. त्यांचें मस्तकहीन धड सांपडलें, ओळखलें गेलें, व त्याचें दहन झालें. हा निकाल आम्हांसही मान्य आहे. मग पुन्हां लेखणी उचलण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन इतकेंच कीं, निकाल बरोबर असला तरी तो ज्या युक्तिवादावर बसविला जातो, तो आम्हांस शुद्ध वाटत नाहीं.

आमचें आयुष्य कन्नडच्या शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. एका तासाला इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्यानें पानिपतचा पाठ आमच्याकडे आला. तोतयाला १७७६ सालीं पुण्यांत देहान्त शिक्षा झाली, येथवर येऊन आम्हीं पुस्तक मिटलें, तोंच मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तो भाऊ नव्हता हें ठरलें. पण भाऊ मेले हें त्यावरून कसें ठरलें?" आम्हीं त्या वेळीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. मुलाचें म्हणणें तर्कदृष्ट्या निर्दोष होतें. देवदत्त घरांत नाहीं एवढ्यावरून देवदत्त मृत आहे असें अनुमान करणाऱ्यास आम्हीच वर्गांत उभें केलें असतें. तरीही या विषयावरील लिखाणांत हे दोन प्रश्न सर्रास एकांत एक मिसळलेले आढळतात. रणावर सांपडलेलें प्रेत कोणाचें, हा एक प्रश्न. पंधरा वर्षांनीं कोंकणांत भाऊ म्हणून उभा राहिलेला मनुष्य कोण, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर पुण्याच्या पंचांनीं दिलें. पहिल्याचें उत्तर पानिपतच्या छावणींतल्या साक्षींतूनच दिलें पाहिजे, आणि ती साक्ष तपासून घेतली पाहिजे.

ती साक्ष मुख्यतः एका मनुष्याची आहे. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या पदरीं होता. युद्धापूर्वीं भाऊ व नबाब यांच्यामध्यें जीं बोलणीं चाललीं त्यांत त्याचा हात होता, आणि युद्धाच्या दिवशीं तो अबदालीच्या बाजूच्या छावणींत हजर होता. त्यानें १७८० च्या सुमारास फारसींत आपला वृत्तांत लिहिला. जेम्स ब्राउन यानें त्याचें इंग्रजी भाषांतर करून तें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या तिसऱ्या खंडांत छापविलें. पुढें १९२६ सालीं रॉलिन्सन यांनीं तें स्वतंत्र पुस्तकरूपानें काढलें, आणि सर जदुनाथ सरकार यांनीं मूळ फारसीवरून नवें भाषांतर सिद्ध केलें. मराठी बखरींना आम्ही या कामीं साक्षीदार म्हणून बोलावीत नाहीं. त्यांची भाषा गोड आहे, पण भाऊंच्या अंताशीं पोहोंचल्या म्हणजे त्या करुणरसाच्या आहारीं जातात. नाना फडणीस स्वतः त्या रणांत होते. परंतु आत्मवृत्तांत त्यांनीं आपल्या पळाचें व हालांचें जें प्रांजळ वर्णन केलें आहे, त्यांत भाऊंचा अंत डोळ्यांनीं पाहिल्याचें ते म्हणत नाहींत.

काशीराज सांगतो तें असें. विश्वासरावांचें प्रेत आधींच मिळालें होतें व छावणींत आणलें गेलें होतें. तें पेंढा भरून काबुलास न्यावें असा हट्ट दुराण्यांनीं धरला, तो शुजाउद्दौल्यानें रदबदली करून मोडला आणि प्रेताचें यथाविधि दहन करविलें. नंतर सरदाराचें वाटेल असें एक धड पडल्याची बातमी आली. नबाबानें तें धुवविलें. जवळ कांहीं मोलाचे मोती सांपडले. भाऊंना पाहिलेले दक्षिणी वकील तेथें होते. त्यांनीं धड पाहून अश्रु ढाळले व हे भाऊच असें सांगितलें. परंतु हें प्रेत संताजी वाघाचें असावें असाही कांहींचा तर्क निघाला. तेव्हां दोघांनाही ओळखणाऱ्या एका माहीतगारास विचारण्यांत आलें. त्यानें भाऊंच्या अंगावरील तीन खुणा सांगितल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफरखानाच्या कट्यारीचा व्रण, आणि पायांवर पद्म व मत्स्य यांच्या शुभ रेषा. तपासतां तिन्ही खुणा आढळल्या. देह सुमारें पस्तिशीच्या, घट्ट बांध्याच्या पुरुषाचा होता. भाऊ रोज सूर्याला बाराशें नमस्कार घालीत, त्याचे घट्टे गुडघ्यांवर व हातांवर दिसत होते.

येथें आमचें पहिलें म्हणणें. आपले लेखक ही यादी सबंध उतरवून घेतात आणि खुणा जितक्या अधिक तितका पुरावा बळकट, असें समजून पुढें जातात. हें चूक आहे. खुणांचें बळ मोजून ठरत नाहीं. जी खूण ह्याच एका पुरुषाच्या अंगीं असूं शकते आणि दुसऱ्याच्या अंगीं नाहीं, तिचेंच बळ खरें. नैयायिक ज्याला असाधारण धर्म म्हणतात तो हाच. या कसोटीवर एकेक खूण घेऊन पाहूं.

मोती प्रथम बाजूस ठेवावेत. ते श्रीमंतीचे द्योतक आहेत, व्यक्तीचे नव्हेत. आणि संताजी वाघही कांहीं सामान्य शिलेदार नव्हता. पद्ममत्स्याच्या रेषांचें बळ तर आमच्या मतें शून्याच्या आसपास आहे. सामुद्रिकांत भाग्यवान पुरुषाच्या तळपायावर कमळ, मासा, शंख, ध्वज असावयाचे हें ठरलेलेंच आहे. ज्यास राज्याचा धनी म्हणून पाहावयाचें, त्याच्या पायावर पाहणाऱ्यास त्या दिसतातच. आम्ही असें म्हणत नाहीं कीं माहीतगार खोटें बोलला. तो श्रद्धेनें पाहत होता इतकेंच. मांडीवरील डाग ही खूण चांगली आहे, पण ती निकटच्या सेवकासच ठाऊक असणार, आणि तिला दुसरीकडून दुजोरा देणारा कागद आमच्या पाहण्यांत आला नाहीं. नमस्कारांचे घट्टे अधिक मोलाचे. तथापि त्या काळीं तालमींत घुमणारा कोणता मराठा सरदार जोर-नमस्कार काढीत नव्हता? घट्ट्यांनीं अफगाण व रोहिले बाजूस पडतात. भाऊ व संताजी यांमध्यें निवड करण्यास ते पुरे पडत नाहींत.

वयाचा उल्लेख अनेकांनीं पुराव्याच्या विरुद्ध बाजूस टाकला आहे, कारण भाऊंचा जन्म १७३० चा. पानिपतच्या वेळीं ते तीस वर्षांचे होते, पस्तीस नव्हे. आम्हांस हा आक्षेप उलट साक्षीचा गुण वाटतो. मुख नसलेल्या देहाचें वय अजमासानेंच सांगावें लागतें, आणि पांच वर्षांचा फरक अशा अजमासांत सहज पडतो. साक्ष रचून सांगणारा मनुष्य वय तंतोतंत सांगतो.

राहिला पाठीवरचा व्रण. सर्व प्रकरणाचा भार आमच्या मतें यावर आहे. १७५९ च्या ऑक्टोबरांत पुण्यास गारपिरावर भाऊंवर खुनी हल्ला झाला, त्यांत त्यांच्या पाठीस जखम झाली, आणि त्या कटाचा सूत्रधार म्हणून मुजफरखान गारद्यास प्राण गमवावे लागले, हें मराठी साधनांवरून स्वतंत्रपणें सिद्ध आहे. म्हणजे पानिपतच्या धडावरील व्रण अवघा पंधरा महिन्यांचा होता. तो पुण्यांत घडला, आणि पानिपतावर वाचला गेला. काशीराजाच्या वृत्तांतांत एक लहानशी चूकही आहे : वार मुजफरखानाच्या हातचा असें तो म्हणतो, पण मराठी साधनांप्रमाणें हल्लेखोर त्याचा हस्तक होता. ही चूक आम्हांस फार उपयोगाची वाटते. पुण्याचे कागद समोर ठेवून कोणी ही खूण मागाहून घातली असती, तर हस्तकाचें नांव त्यास बरोबर सांपडलें असतें. चूक ही छावणींतल्या बोलण्याची आहे. जेथें लोक घटना जाणतात पण बारकावे विसरलेले असतात तेथली आहे. संताजी वाघाच्या पाठीवरही जखमा असूं शकतील, हें खरें. पण कट्यारीचा जुना, भरलेला व्रण आणि रणांतली ताजी जखम यांतील भेद त्या शतकांतल्या शिपायांस शिकविण्याची गरज नव्हती.

आतां साक्षीदार. आप्त कोणास म्हणावें? ज्यास विषयाचें प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि तें जसेंच्या तसें सांगण्याची इच्छा आहे, त्यास. पहिलें अंग काशीराजाकडे आहे. दुसऱ्या अंगाविषयीं दोन शंका घेतां येतात. त्यानें लिहिलें तें घटनेनंतर एकोणीस वर्षांनीं. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे पुण्यांत तोतयास शासन झाल्यावर चार वर्षांनीं. भाऊ मेले हें सांगणें त्या वेळीं पुणें दरबाराच्या सोयीचें होतें. ही शंका आमच्या लेखकांनीं फारशी घेतलेली दिसत नाहीं, म्हणून ती आम्ही मुद्दाम नोंदवीत आहों. परंतु तिचा परिहारही लागलाच आहे. काशीराज पुण्याचा नोकर नव्हता. शिवाय ज्यास भाऊंचा मृत्यु निर्विवाद करून दाखवावयाचा आहे, तो संताजी वाघाचें नांव मुळीं येऊंच देत नाहीं. प्रतिपक्षाचा पर्याय स्वतःच्या वृत्तांतांत जपून ठेवणारा साक्षीदार आम्हांस विश्वासार्ह वाटतो.

मस्तकाची कथा धडापेक्षां निराळी आहे. तें नंतर एका दुराणी शिपायाच्या ताब्यांत सांपडलें. हा जखमी पुरुष भाल्याचा आधार घेऊन जात होता, अंगावर मोलाचीं वस्त्रें होतीं, घेरल्यावर त्यानें कांहीं जणांस लोळविलें, आणि मग त्याचें शिर कापलें, असें त्या बाजूनें सांगण्यांत आलें. ज्यानें शिर लपविलें त्याच्या तोंडची ही हकीकत आहे, तेव्हां तींतील शौर्याचें वर्णन आम्ही थोडें हातचें राखून वाचतों. मारणाऱ्याची ऐट मेलेल्याच्या शौर्यानें वाढत असते. पण मुद्दा हा कीं, धड खुणांवरून ओळखलें गेलें आणि शिर मुखावरून. दोन वाटा वेगळ्या होत्या व एकाच नांवाशीं आल्या.

इतका पुरावा असतां महाराष्ट्रानें तो कां मानला नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर पानिपतच्या तीन मृतांकडे शेजारीं शेजारीं पाहिल्यानें मिळतें. विश्वासरावांचें मुख सर्व छावणीनें पाहिलें. त्यांच्या मृत्यूविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. जनकोजी शिंदे जखमी होऊन कैद झाले व गुप्तपणें मारले गेले. त्यांच्या नांवाचा तोतया निघाला. भाऊंचें धड मिळालें, पण तें ओळखणारे सारे शत्रूच्या छावणींतले, आणि घरच्या एकाही माणसानें तें पाहिलें नाहीं. नानासाहेब पेशवे त्याच वर्षाच्या जूनच्या २३ तारखेस पर्वतीवर वारले. पार्वतीबाई रणांतून परत आल्या, परंतु वैधव्य त्यांनीं पत्करलें नाहीं. त्यांच्यापुढें काशीराजाच्या तीन खुणा ठेवल्या असत्या तर त्यांनीं काय म्हटलें असतें, हें अनुमानानें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मात्र मांडीवरच्या डागाविषयीं बोलण्याचा अधिकार त्या एकटीचा होता, आणि त्यांना कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.

हा प्रकार कांहीं आपल्याकडेच घडला असें नाहीं. गोव्यावर ज्याची सत्ता चाले तो पोर्तुगालचा राजा सेबास्तियन १५७८ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस मोरोक्कोंतील अल्कासर-किबीरच्या लढाईंत पडला. त्याचें प्रेत कैद झालेल्या त्याच्याच माणसांनीं ओळखलें, आणि १५८२ सालीं तें लिस्बनजवळ बेलेंच्या मठांत आणून ठेवण्यांत आलें. तरीही त्याच्या नांवाचे एकामागून एक चार तोतये निघाले. शेवटचा १६०३ सालीं फांसावर चढला. त्या राजाच्या थडग्यावरील लेखांत लोकवार्ता खरी असेल तर हा तोच होय, अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. राजाच्या कबरीवर कोरून ठेवलेला असा संशय आम्हीं अन्यत्र वाचलेला नाहीं. तेथें निदान उघडून पाहण्यास कांहीं उरलें. ऑस्ट्रेलियांत ॲडलेडजवळच्या किनाऱ्यावर १९४८ च्या डिसेंबरांत मिळालेल्या एका निनांवी प्रेतास २०२२ सालीं संशोधकांनीं नांव दिलें, तेंही जपलेल्या केसांवरून. पानिपतचें धड अग्नीस दिलें गेलें. तें योग्यच झालें; पण त्यामुळें काशीराजाच्या शब्दांपलीकडे जाण्याची वाट कायमची बंद झाली.

तोतयाच्या हकीकतींत आम्ही फार वेळ घालवीत नाहीं. ती सुपरिचित आहे. बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतच पुढें आला, त्याची चौकशी झाली व तो किल्ल्यांवर कैदेंत राहिला. १७७६ सालीं रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजप्यानें त्यास सोडविलें. राघोबांच्या प्रकरणानें दरबार दुभंगलेला होता, त्यामुळें पाहतां पाहतां कोंकणचे किल्ले त्याच्या हातीं गेले व मोठी फौज जमली. महादजी शिंदे व भिवराव पानशे यांनीं त्याचा मोड केला, आंगऱ्यांनीं त्यास धरलें, आणि पुण्यांत चौकशी होऊन १७७६ च्या डिसेंबरच्या १८ तारखेस त्यास देहान्त शासन झालें. ज्यांच्या हातीं त्या वेळीं कारभार होता ते नाना फडणीस अठरा वर्षांचे असतांना त्याच रणांतून पळाले होते, आणि त्यांच्या मातोश्री त्याच पळापळींत अंतरल्या होत्या. तोतयाच्या निवाड्यांत हा मनुष्य भाऊ नव्हे हें शोधावयाचें होतें, आणि तें शोधलें गेलें. पानिपतचें धड तेथें विचारासाठीं नव्हतेंच. म्हणून त्या निवाड्याचा आधार भाऊंच्या मृत्यूस देणें म्हणजे ज्या न्यायाधीशांपुढें प्रश्नच आला नाहीं, त्यांच्या तोंडीं त्याचें उत्तर घालणें होय.

धर्मशास्त्रानें या बाबतींत इतिहासकारांपेक्षां अधिक सावधपणा दाखविला आहे. परदेशीं गेलेल्याची वार्ता लागत नसेल तर बारा वर्षें, कांहींच्या मतें अधिक काळ, वाट पाहावी. मग पळसाच्या ३६० देठांचा देह करून त्याचें दहन करावें. त्यांतले ४० देठ मस्तकाचे. आणि पुढें तोच मनुष्य जिवंत परत आला तर त्यास तुपाच्या कुंभांत बुडवून काढून जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हां करावे, असेंही निबंधकारांनीं सांगून ठेवलें आहे. आमच्या आजीचे एक बंधु काशीयात्रेस गेले ते परतले नाहींत. बारा वर्षांनीं गौताळ्याच्या रानांतून पळस आणून हा विधि झाला. आजी सांगे कीं, वहिनींनीं त्या दिवशीं सर्व कांहीं मुकाट्यानें होऊं दिलें, पण कुंकवाचा करंडा मात्र कोठें लपविला तो शेवटपर्यंत कोणास सांपडला नाहीं. लहानपणीं ही आम्हांस हट्टाची गोष्ट वाटे.

एक गोष्ट राहून जाते. पुराव्याची ही सर्व उलथापालथ भाऊंसाठीं झाली. परंतु त्या धडाशेजारीं संताजी वाघाचें नांव घेतलें गेलें, आणि भाऊंची ओळख पटल्याबरोबर तें नांव मागें पडलें. नबाबाची रदबदली, धुतलेला देह, वकिलांचे अश्रु हें सारें एका नांवास मिळालें. दुसऱ्याच्या घरींही कोणी वाट पाहत असेल. भाऊंच्या मृत्यूच्या पुराव्यास जें बळ हवें, तेंही बहुधा याच बाजूनें मिळेल. कारण संताजीचा देह अन्यत्र व निश्चितपणें ओळखला गेल्याचा समकालीन कागद मिळाल्यास काशीराजाच्या छावणींत निघालेला एकुलता एक पर्याय आपोआप नाहींसा होईल.

उदगीरच्या विजयानंतर १७६० च्या मार्चांत भाऊंची फौज पडतुराहून उत्तरेस निघाली. तें पडतूर, म्हणजे हल्लीं जालना जिल्ह्यांतील परतूर, आमच्या कन्नडपासून फार दूर नाहीं, आणि त्या फौजेंत या बाजूचे शिलेदार, कारकून व बाजारबुणगे यांची भरती झाली असली पाहिजे. मराठवाड्यांतील व खानदेशांतील जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरीं अद्याप दप्तरें बांधलेलीं आहेत. त्यांत १७६१ ते १७६५ या वर्षांतील वतनाचे वारसाहक्क, दत्तकपत्रें किंवा पानिपतावर पडलेल्यांच्या नांवें मागितलेल्या बालपरवेशीचे अर्ज असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंति आहे. वाघ घराण्याचे कागद असल्यास ते प्रथम पाठवावे.